नखं दाखवा

४ फेब्रुवारी, मंगळवार

डायरी लिहायला घेतली, कारण घरात भांडायला माणूस उरलेलं नाही. हे गेले. मुलगा दूरदेशी, त्याला फोनवर भांडायला सवड नाही. राहता राहिल्या वन्सं, यांची धाकटी बहीण. भांडणाला तोंड फुटलं की त्या डोळे मिटून पडून राहतात. टेलिफोन खात्यात सुपरवायझर म्हणून जन्म काढला. तिथे वायरीच्या पलीकडून निदान कुणी उत्तर तरी द्यायचं.

आज तुरुंगातला तास होता. मंगळवारी आणि शुक्रवारी बायकांच्या तुरुंगात भरतकाम शिकवते. पांढऱ्यावर पांढरं भरायचं, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं तसं. रंगीत कामात चूक खपून जाते. पांढऱ्यात मळ दिसतो, ताण दिसतो, आळसही दिसतो.

तेव्हा हात स्वच्छ हवेत, यात तडजोड नाही. मी दारातच उभी राहते. "हात पुढे. नखं दाखवा." वाढलेल्या नखात रेशमाचा धागा अडकतो आणि कापडावर काळी रेघ उमटते. सिस्टर हातात पट्टी घेऊन उभ्या राहायच्या. मला पट्टी लागत नाही, जीभ पुरते.

ढोलीला आज परत पाठवली. भल्या अंगाची, भल्या स्वभावाची बाई, पण नखं म्हणजे नांगराचे फाळ.

"बाई, ब्लेड अजून माझ्यापर्यंत आली नाही."

"मग येईपर्यंत बाहेर उभी राहा."

थोड्या वेळाने आली. नखं कापलेली, एक बोट तोंडात. बघा, मनात असलं की सगळं मिळतं.

वर्गातली सर्वांत चांगली म्हणजे टाचणी. अंगाने टाचणी आणि बोलण्यातही. कशासाठी आत आली आहे ते मी विचारत नाही, तीही सांगत नाही. आज हात पुढे करून म्हणाली, "बाई, तुमच्यापुढे हात धरले की वाटतं, आता बेड्याच घालणार."

"बेड्या घालायला नखं कापावी लागत नाहीत."

"तेच म्हणते मी. पोलीस बरे."

हसले मी. मग तिनं हळूच सांगितलं, मुलीला दिवस गेलेत, मार्चअखेरीस बाळ येईल. "माझ्या शिक्षेतले माफीचे दिवस धरले तर मी त्याच्या आधी सुटते. बाळ माझ्या हातात पडणार." जाताना विचारलं, "हे उरलेले तुकडे नेऊ का?"

"ने, कचराच आहे तो," म्हटलं आणि पिशवी भरायला लागले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

टेबलावर अंथरायच्या मोठ्या चादरीच्या कोपऱ्यावर पुन्हा रक्ताचे ठिपके. संतापले. इतके महिने शिकून सुई बोटात कशी घुसते? विचारलं, तर सगळ्यांनी माना खाली घातल्या. ढोलीनं हात पाठीमागे नेला. रक्त थंड पाण्यानंच निघतं, गरम पाणी लावलं की डाग कायमचा बसतो, हे पुन्हा एकदा सांगितलं. घशाला कोरड पडली.

निघताना फाटकावरची पहारेकरीण भेटली. कमरेला हा मोठा जुडगा, म्हणून बायका तिला किल्ली म्हणतात. तीसुद्धा स्वतःला तेच म्हणवून घेते. म्हणाली, "बाई, तुमची जरब भारी. एरवी आठवडाभर नखांकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ब्लेडसाठी नुसती झुंबड."

ऐकून बरं वाटलं. कुठे तरी आपल्या शब्दाला किंमत आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वर्ग झाला नाही. आमच्या खोलीत रक्त तपासणी मांडली होती. मला कुणी आधी कळवलं नाही, हे वेगळं लिहायला नको. डॉक्टरीण कोवळी पोर. मला बघून म्हणाली, "मावशी, बसा ना." मी हिची मावशी कधी झाले?

पण बसले आणि बघत राहिले. काम नीट करते. प्रत्येकीला नवी सुई, नवे हातमोजे. टाचणीची पाळी आली तेव्हा टाचणीनं विचारलं, "डॉक्टर, नेताय ते परत कधी देणार?"

"परत नाही मिळत. पण आत काय आहे ते सांगेन."

"ते मला ठाऊक आहे. आत तुरुंग आहे."

डॉक्टरीण इतकी हसली की तिला सुई बाजूला ठेवावी लागली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज एक गोष्ट पाहिली आणि गप्प बसले. मी गप्प बसले म्हणजे नोंद करायलाच हवी.

नवी म्हणून एक मुलगी आहे, अलीकडेच आली. सुई धरताना तिच्या मनगटावर पान दिसलं. निळसर, कातरलेल्या कडांचं. हे पान मी ओळखते. मीच शिकवलंय, आणि त्याचा देठ असा डावीकडे मुरडून वर्गात एकच बाई काढते. टाचणी. म्हणजे आत गोंदवणं चालतं! ज्या हातांना मी नाजूक काम शिकवलं, ते हात हे करतात. सिस्टर असत्या तर...

तास संपेपर्यंत टाचणीशी बोलले नाही. तिनं दोनदा विचारलं, "बाई, काही चुकलं का?"

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

फाटकावरून परत पाठवलं. मला!

तपासणीचे निकाल आलेत. यकृतावर बसणारी ती कावीळ, हेपॅटायटिस सी. रक्तातून रक्तात जाते, वर्षानुवर्षं काही दाखवत नाही आणि आतून यकृत पोखरते. पूर्वी एखाददोघींना होती. आता पुष्कळ निघाल्या, आणि त्यातल्या बहुतेक माझ्या वर्गातल्या. ढोली आहे, टाचणी आहे.

अधीक्षकबाईंच्या वर्दीची इस्त्री त्यांच्या बोलण्यातही असते. "मॅडम, तुमच्या वर्गात सुया वापरतात. तेव्हा वर्ग बंद."

"मग स्वयंपाकघरात सुऱ्या वापरतात. जेवणही बंद करा."

त्यांना विनोद कळला नाही. मीही तो विनोद म्हणून केला नव्हता.

बाहेर पडताना नवी अंगण झाडत होती. बाह्या वर खोचलेल्या. मनगटावर पान नव्हतं. पुसून टाकलं म्हणावं तर गोंदण कधी पुसतं का? काही तरी फासलं असणार. या बायका दिसतात त्यापेक्षा हुशार आहेत.

२३ फेब्रुवारी, रविवार

वन्संनी माझा कप वेगळा काढला. लपूनछपून नाही, चांगला कपाटाच्या कडेला, एकटा. वाळीत टाकलेला.

"वन्सं, हे काय?"

"काही नाही वहिनी. तुमचा म्हणून ओळखायला सोपा."

मग म्हणाल्या, तुम्हीपण रक्त तपासून घ्या. घेतलं. परवा कळेल. मी निर्धास्त आहे, पण रागानं झोप येत नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

माझं रक्त स्वच्छ. डॉक्टरीण स्वतः फोनवर वन्संशी बोलली. शिवल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही, खोकल्यानं होत नाही. एकाचं रक्त दुसऱ्याच्या रक्ताला मिळालं तरच होतं, मग ते डोळ्याला न दिसण्याइतकं का असेना. वन्संनी कप मुकाट्यानं जागेवर ठेवला.

संध्याकाळी नवंच. नखं कापायला बसले, तर नेलकटर सापडेना. त्यांनी आपल्या उशीखाली ठेवलंय!

"वहिनी, तुम्ही तुमचं वेगळं आणा. मागच्या महिन्यात मला त्यानं बोटाला लागलं होतं. रक्त आलं होतं."

"माझं रक्त स्वच्छ आहे, आत्ताच ऐकलंत ना?"

"आज स्वच्छ आहे. आणि माझ्या रक्ताचं काय, ते कुणी तपासलंय? मला असेल तर तुम्हाला व्हायला नको."

काय बोलायचं! भीती माणसाच्या कुठे कुठे शिरते. नेलकटर म्हणे. चौकातल्या दुकानातून नवं आणलं आणि त्यांच्यासमोर आवाज करत नखं कापली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मी जिंकले.

अधीक्षकबाईंच्या खोलीत डॉक्टरीणही होती. मी सुयांचा डबा टेबलावर उघडला. प्रत्येकीचा वेगळा लोकरीचा तुकडा, त्यावर तिनंच भरलेली खूण, त्यात तिचीच सुई. दुसरीच्या सुईला कुणी हात लावत नाही, मी लावू देत नाही. आत जाताना मोजून, बाहेर येताना मोजून. डॉक्टरीण तो डबा बराच वेळ उलटसुलट बघत होती. म्हणाली, "मावशी, माझ्या दवाखान्यातसुद्धा इतकी शिस्त नाही. या सुयांनी नसणार झालं."

"नसणारच."

"मग काय?" अधीक्षकबाई म्हणाल्या. "कुठून तरी आलं ना? मला वर उत्तर द्यायचंय."

तेव्हा मी पानाचं सांगितलं. नवीचं मनगट, निळं पान, डावीकडे मुरडलेला देठ. टाचणीचं नाव घेताना जड गेलं, पण खरं ते खरं. डॉक्टरीणही म्हणाली, तुरुंगात एकाच सुईनं गोंदवतात तेव्हा हा आजार हमखास पसरतो. अधीक्षकबाईंनी विचारलं, "तिच्यावर तुमचा आणखी काही संशय? कापडाचे तुकडे वगैरे कमी होतात का?"

"मोजले नाहीत. होत असणार," मी म्हटलं.

पुढच्या शुक्रवारपासून वर्ग सुरू. घरी येऊन वन्संना सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. डोळे मिटले नाहीत त्यांनी. "त्या बाईचं काय होईल?" विचारलं.

"चौकशी होईल. नियम आहे."

"तिची मुलगी बाळंत होणार आहे म्हणाला होतात."

वन्संना नको तेच नेमकं लक्षात राहतं.

७ मार्च, शुक्रवार

सगळं जसं घडलं तसं लिहायचं ठरवलंय. एकेक.

फाटकावरच किल्लीनं सांगितलं, टाचणी वेगळ्या कोठडीत आहे. झडतीत सुई सापडली नाही, शाई सापडली नाही, पण तिच्या अंथरुणाखाली पांढऱ्या कापडाचं टोपडं सापडलं. चोरीचा माल. माफीचे दिवस थांबवलेत.

दारात उभी राहिले. "हात पुढे. नखं दाखवा."

एकीचीही नखं कापलेली नव्हती. ढोलीची तर पुन्हा फाळ. मला वाटलं, टाचणीसाठी रुसल्यात, सगळ्यांनी मिळून केलेला उद्योग आहे. म्हटलं, "हा काय संप आहे?"

"संप नाही बाई," ढोली म्हणाली. "झडतीनंतर ब्लेड काढून घेतली."

"सगळ्यांच्या?"

कुणाला प्रश्न कळलाच नाही. मग नवी हसली. लहान आहे, हसू येतं तिला. "बाई, तुरुंगात कुणाची आपली ब्लेड असते होय? एकच होती. अर्धी. काडीत खोचलेली. किल्लीताई सकाळी द्यायची, संध्याकाळी मोजून घ्यायची."

"एक काय मोजायचं असतं," मागून कुणी तरी म्हणालं.

"आणि ती सगळ्या बराकीत फिरायची?"

"एरवी फारशी नाही," ढोली म्हणाली. "एरवी आम्ही नखं दातानं तोडतो. तुमच्या तासाच्या दिवशी फिरायची. सगळ्यांना एकदमच हवी. घाईत बोटं कापतात, नखाच्या कडेची कातडी निघते. एकीच्या हातातली ओढून दुसरी. मग रक्त कापडाला लागतं आणि तुम्ही रागावता." थांबून म्हणाली, "तुम्ही बरोबरच रागावता. पांढरं कापड ते."

ती तक्रार करत नव्हती. माझी समजूत काढत होती.

मी नवीला मनगट दाखवायला सांगितलं. कोरं मनगट. बोट ओलं करून घासून पाहिलं. काही फासलेलं नव्हतं.

"ते पान होय? बॉलपेननं काढलं होतं टाचणीमावशीनं. मला भरताना देठ जमत नव्हता, म्हणून हातावर काढून दाखवला. दोन अंघोळींत गेला."

खुर्चीवर बसले. आज नखं तशीच राहू देत, म्हटलं, आणि कामाला लागा म्हटलं. सगळ्या खाली मान घालून भरत होत्या. कुणाच्याही कापडावर आज एक ठिपका नव्हता.

९ मार्च, रविवार

सकाळी वन्संना म्हटलं, "नेलकटर तुमचं तुमच्याकडेच ठेवा. बरोबर होतं तुमचं."

चहा घेता घेता थांबल्या. "काय झालं वहिनी?"

सांगितलं. त्या डोळे मिटतील असं वाटलं होतं. मिटले असते तर बरं झालं असतं.

"उद्या जाताय ना तिकडे?" एवढंच विचारलं.

१० मार्च, सोमवार

गेले. आधी डॉक्टरणीला गाठलं. ब्लेडचं ऐकल्यावर ती कपाळाला हात लावून बसली. "मी सगळं विचारलं मावशी. सुई, गोंदण, सगळं. बायकांची बराक म्हणून दाढीचं सामान तेवढं सोडून दिलं. नखं माझ्या डोक्यातच आली नाहीत."

"ब्लेडनंच झालं का?"

"छातीठोक नाही सांगता येणार. कुणी बाहेरून घेऊनच आली असेल, कुणाला आणखी कशानं झालं असेल. पण एकीच्या रक्तानं ओली झालेली ब्लेड तशीच दुसरीच्या बोटात, आठवड्यातून दोनदा. मला शोधायला सांगितलं असतं तर याहून चांगली वाट सापडली नसती."

पोर खोटं बोलत नाही. मला ते आवडतं. आज आवडलं नाही.

मग दोघी अधीक्षकबाईंकडे. त्यांनी सगळं ऐकलं आणि खिडकी लावून घेतली.

"मॅडम, एका बराकीला एकच ब्लेड, हा नियम मी केलेला नाही. पूर्वी एकीनं मनगट कापून घेतलं, तेव्हापासून आहे. जीव वाचावा म्हणून आहे."

"माझाही नियम स्वच्छतेसाठीच होता," मी म्हटलं. "तुमचा आणि माझा, दोन्ही नियम एकाच ब्लेडला दोन बाजूंनी धार लावत होते."

त्या आवाज उतरवून म्हणाल्या, "हे बघा. त्या बाईचा अहवाल वर गेलाय. तो मागे घ्यायला तुमचं लेखी लागेल. लिहून द्या की ते गोंदण नव्हतं, पेन होतं. कापडाचे तुकडे तुम्हीच दिले होते असं ती म्हणते, तेही लिहा. बास. नखांचं लिहू नका."

"का?"

"लिहिलंत तर बाहेरच्या बाईला वर्ग घेऊ देण्याची परवानगी पुन्हा कुणी देणार नाही. ब्लेडचं मी आतल्या आत बघते. तुमचं काम चांगलं आहे. उगीच स्वतःच्या गळ्याला नख कशाला लावून घेता?"

शब्द कानावर पडला आणि तिघींनीही एकमेकींकडे पाहिलं.

मोह झाला, हे खरं ते लिहिते. वर्ग गेला तर मंगळवार आणि शुक्रवार कसे जाणार, हा विचार पहिला आला. टाचणीचा नंतर. डॉक्टरीण मध्येच म्हणाली, "पण मॅडम, गोंदण नाही म्हटलं तर वरून विचारणारच, मग कशानं? दुसरं कारण पुढे आल्याशिवाय संशय तिच्यावरच राहील."

मी कागद मागितला. माझं अक्षर अजून चांगलं येतं. पेन, तुकडे, नखं, दारातलं उभं राहणं, ढोलीला परत पाठवणं, सगळं लिहिलं. टोपडं ज्या तुकड्यांचं आहे ते मी "कचरा" म्हणून दिले होते, हा शब्दसुद्धा लिहिला. सही केली तेव्हा अधीक्षकबाई म्हणाल्या, "आज टाचणीला भेटून घ्या. उद्यापासून तुम्हाला आत सोडता येणार नाही."

वेगळी कोठडी म्हणजे एक अरुंद खोली, दाराला जाळी. टाचणी भिंतीला टेकून बसली होती. उठली नाही. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, सरळ. आडवळणानं सांगायला मला येत नाही, आणि तिला ऐकायला आवडलं नसतं.

"म्हणजे बाई, मी पेननं पान काढलं म्हणून तुरुंगातल्या तुरुंगात."

"हो."

"आणि तुम्हाला कुठल्या कोठडीत घालणार?"

"वर्गातून काढलंय."

"हं." तिनं थोडा विचार केला. "म्हणजे सोडून दिलं."

मग ती उठून जाळीजवळ आली. बोलणं एकदम वेगळं, जीभ कुठे तरी ठेवून आल्यासारखं. "बाई, मलापण आहे ना ते? बाळाला घेता येईल का मला?"

डॉक्टरीण माझ्या मागेच होती. "घ्या. खुशाल घ्या. मांडीवर घ्या, पापे घ्या, न्हाऊ घाला. फक्त तुमचं नेलकटर आणि दात घासायचा ब्रश वेगळा, आणि कापलं-खरचटलं तर झाकून ठेवायचं. तीन महिने गोळ्या आहेत, एकही चुकवू नका. बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात."

"पापे घेता येतील?"

"येतील."

"नक्की ना? मुलीच्या घरी विचारतील हो. नक्की?"

तीन वेळा विचारलं. डॉक्टरणीनं तिन्ही वेळा तेच सांगितलं, जराही न कंटाळता. नंतर टाचणीनं माझ्याकडे पाहिलं नाही. मीही थांबले नाही.

१४ मार्च, शुक्रवार

तासाच्या वेळेला तयार होऊन बसले होते. वन्सं म्हणाल्या, "भांडायचं का थोडं?"

नको म्हटलं.

२४ मार्च, सोमवार

डॉक्टरणीचा फोन. वरून मंजुरी आली. प्रत्येकीला छोटं नेलकटर, आतलं टोकदार पातं काढून टाकलेलं. ठेवायला प्रत्येकीचा लोकरीचा तुकडा, त्यावर तिची खूण. "तुमच्या डब्याची नक्कल केली, मावशी." गोळ्याही सुरू झाल्यात. ढोली म्हणते, आता इतकी नखं कापते की कापायला नखच उरत नाही.

टाचणीचं विचारलं. कागद वरच्या कचेरीत आहे. जाताना धावत गेला होता, परत येताना चालत येतोय.

रात्रीचं जेवण झाल्यावर नखं कापायला बसले. नवं नेलकटर, माझं एकटीचं. कापली नाहीत.

२९ मार्च, शनिवार

टाचणीच्या मुलीला मुलगी झाली. परवा. किल्लीनं फोन करून सांगितलं, मी कुणाला विचारलं नव्हतं. टाचणी अजून आतच.

वन्सं म्हणाल्या, "बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना, मग झालं." झालं कसं? पण त्यांनी बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं.

४ एप्रिल, शुक्रवार

अधीक्षकबाईंचा निरोप आला, टाचणीला आज सोडतोय. आणि टोपडं माझ्या हवाली करणार होत्या, कारण कापड कागदोपत्री माझं.

तासाच्या वेळेलाच पोचले, सवयीनं. फाटकातून किल्लीनं टोपडं आणून दिलं. मी ते प्रथमच नीट पाहत होते. कानाच्या बाजूंनी पानांची वेल, पांढऱ्यावर पांढरी. देठ सगळे डावीकडे मुरडलेले. शेवटचं पान अर्धं, धागा तसाच लोंबणारा. पूर्ण करावं असं हाताला फार वाटलं. केलं नाही. ते माझं नाही.

पलीकडे टाचणीचा जावई उभा होता. लाजाळू, हातात गोळ्यांसाठी पिशवी. डॉक्टरणीनं त्याला बोलावून सगळं समजावलं असावं. मला म्हणाला, "आई बाळाला घेऊ शकतात म्हणाल्या डॉक्टर. आमच्या घरी मी सांगितलंय सगळ्यांना." मुलगा बरा वाटला.

छोटं दार उघडलं. टाचणी बाहेर आली. आणखी बारीक झाली आहे. आधी जावयाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"हात पुढे," म्हणाली.

मी टोपडं काखेत धरलं आणि हात पुढे केले.

"नखं दाखवा."

दाखवली. तिनं माझी बोटं धरून एकेक वळवून पाहिलं, मी पाहायची तसंच. अगदी सावकाश.

"वाढलीत."

"हो."

"मग बाहेर उभ्या राहा."

माझ्या काखेतलं टोपडं तिनं काढून घेतलं. उलटं केलं. भरणारी बाई आधी मागची बाजू बघते, हे मीच शिकवलं होतं. "एक गाठ नाही बघा," म्हणाली.

"बघितलंय."

"पास का?"

"पास."

तिनं लोंबणारा धागा बोटाला गुंडाळला, टोपडं छातीशी धरलं आणि जावयाबरोबर निघाली. कोपऱ्यापर्यंत दिसत होती. मागे वळली नाही, पण चालताना बोलत होती. वाटतं, त्याला काही तरी सुनावत होती.

किल्लीनं दार धरून ठेवलं होतं. "बाई, ऊन आहे. आत येऊन बसता का? अधीक्षकबाई नाही म्हणणार नाहीत आज."

"नको," म्हटलं. "मला बाहेर उभं राहायला सांगितलंय."